बाळाच्या रक्तातलं औषध आणि चिठ्ठीवरची वेळ

पत्र :

डॉक्टर, आम्ही पिंपळगाव बसवंतजवळ मळ्यात राहतो, द्राक्षबाग आहे. माझं वय २६, पहिलंच बाळंतपण. ३२ आठवडे झाले असताना रात्री अचानक कळा सुरू झाल्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात नर्सताईंनी दहा वाजता बाळाच्या फुप्फुसांसाठी एक इंजेक्शन दिलं आणि १०८ बोलावून नाशिकला पाठवलं. तिथे सकाळी दहाला दुसरं, रात्री दहाला तिसरं. चौथं राहिलं, कारण पहाटे साडेचारला मुलगी झाली. वजन १४८० ग्रॅम. सतरा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आता अडीच महिन्यांची आहे, तीन किलोच्या वर गेली आहे, दूध चांगलं पिते.

मागच्या महिन्यात दिरांनी डिस्चार्ज कार्डावर 'डेक्सामेथासोन' वाचलं, मोबाइलवर शोधलं आणि स्टेरॉइड आहे म्हणाले. तेव्हापासून घरात कुणाला चैन नाही. सासऱ्यांना कोरोनात स्टेरॉइड दिलं होतं, नंतर काळी बुरशी होऊन त्यांचा एक डोळा गेला. सासूबाई म्हणतात, ते औषध अंगातून पूर्ण निघेपर्यंत बाळाला लस नको आणि तुझं दूधही नको. दीड महिन्याची लस त्यामुळे राहून गेली. मिस्टर म्हणतात, द्राक्षांचं रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधाचा उरलेला अंश, तपासतो तसं तुझं आणि बाळाचं रक्त तपासून घेऊ, म्हणजे वाद मिटेल. एक लॅबवाला मुंबईला सॅम्पल पाठवून 'स्टेरॉइड लेव्हल' काढून देतो म्हणाला आहे. दवाखान्यात असताना माझी साखरही १८० आली होती. इंजेक्शनसाठी सही मीच केली होती, हे सारखं मनात येतं. तपासणी करावी का?

— एक आई, निफाड तालुका

उत्तर :

प्रिय ताई,

तीन गोष्टी आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. बाळाला तुमचं दूध द्या, तिला हवं तेवढं आणि हवं तेव्हा. राहिलेली लस याच आठवड्यात द्या. आणि लॅबवाल्याला नाही म्हणून सांगा.

आता तुमच्या मिस्टरांविषयी. त्यांच्यावर रागावू नका. मला त्यांचा विचार मनापासून आवडला. घरात भांडण सुरू असताना 'मोजून बघू' म्हणणारा माणूस विरळाच. निर्यातीचा प्लॉट ज्यांच्याकडे आहे त्यांना मोजण्याची किंमत कळते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तेव्हा कंटेनर अडकलेल्या घरांतल्या बायका माझ्याकडे बाळांना घेऊन यायच्या आणि बाळापेक्षा द्राक्षांचंच बोलायच्या. आजही लॅबचा माणूस बागेत येतो, घड तोडतो, पिशवीला सील लावतो आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाचा जेवणात जीव नसतो.

मिस्टरांना एक गोष्ट ऐकून बरं वाटेल. द्राक्षातलं रेसिड्यू ज्या जातीच्या मशीनवर तपासतात, त्याच जातीच्या मशीनवर रक्तातलं डेक्सामेथासोनही मोजता येतं. एलसी-एमएस म्हणतात त्याला. आधी मिश्रणातले पदार्थ एकेक करून वेगळे काढायचे आणि मग प्रत्येकाचं वजन करायचं, तेही रेणूचं वजन. मापही सारखंच. युरोपात फवारणीच्या ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे एका ग्रॅम द्राक्षात दहा नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आईच्या आणि नाळेच्या रक्तातलं हे औषधही नॅनोग्रॅममध्येच मोजतात. काम सोपं नाही. गरोदर बायकांना देतात ती दोन औषधं, डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन, वजनाला अगदी एकसारखी आहेत. दोन्हींत तेच अणू, तेवढेच अणू. एकाच वेलीच्या दोन काड्या, एकीचा डोळा वर आणि दुसरीचा खाली, एवढाच काय तो फरक. नुसत्या वजनावरून ती ओळखू येत नाहीत, आधी नीट वेगळी करावी लागतात.

म्हणजे मोजता येतं. मग मी नको का म्हणते?

कारण द्राक्षाच्या रिपोर्टात दोन आकडे असतात. एक सापडलेला आणि दुसरा एमआरएलचा, म्हणजे चालू शकणाऱ्या जास्तीत जास्त मर्यादेचा. दुसरा आकडा आहे म्हणून पहिल्याला अर्थ आहे. तुमच्या मुलीच्या रक्ताच्या रिपोर्टात तो दुसरा आकडाच नाही. नवजात बाळात हे औषध अमुक इतकं असलं तर ठीक, त्याच्या वर गेलं तर असा उपचार करा, अशी मर्यादा रोजच्या उपचारात वापरतच नाहीत. जगातला कुठलाही बाळांचा डॉक्टर तो आकडा बघून औषध बदलणार नाही. ज्या तपासणीच्या उत्तराने पुढचं पाऊल बदलत नाही, त्यासाठी बाळाला सुई टोचायला मी तयार नाही. माझ्या स्वतःच्या नातीलाही टोचू दिली नसती.

दुसरं कारण साध्या हिशोबाचं आहे आणि तो तुम्ही घरी कागदावर मांडू शकता. २०२० साली बेंगळुरूच्या एका अभ्यासात आपल्याच देशातल्या, गरोदर नसलेल्या बायकांना ही इंजेक्शनं देऊन रक्तातली पातळी तासातासाने मोजली होती. डेक्सामेथासोन साधारण साडेपाच तासांत निम्मं होतं. बीटामेथासोनला त्याच्या दुप्पट वेळ, सुमारे अकरा तास. आता तुमचं गणित. शेवटचं इंजेक्शन रात्री दहाला, बाळ पहाटे साडेचारला. मधे साडेसहा तास गेले. म्हणजे तुमच्या रक्तातलं औषध तेव्हाच अर्ध्यावर आलं होतं. वारेतून बाळाकडे जातं ते त्याहून कमी. बीटामेथासोनच्या मोजण्यांत नाळेच्या रक्तात आईच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी पातळी मिळाली आहे.

कमी दिवसांच्या बाळाचं यकृत सावकाश काम करतं, म्हणून आपण मुद्दाम दुप्पट वेळ धरू. समजा तिच्या अंगात औषध निम्मं व्हायला अकरा तास लागले. सात दिवसांचे झाले १६८ तास, म्हणजे पंधरा वेळा निम्मं. दोनाने पंधरा वेळा भागत जा, उरतो बत्तीस हजारावा भाग. हे झालं पहिल्या आठवड्याचं. तुमच्या मुलीला पंच्याहत्तर दिवस झालेत. ज्या औषधाची सासूबाई वाट बघताहेत, ते मुलगी एनआयसीयूत असतानाच निघून गेलं. दुधाचंही तेच. तुमच्या रक्तातच नाही ते दुधात कुठून येणार? फवारणीनंतर पीएचआयचे, म्हणजे काढणीआधी थांबायचे, दिवस मोजायची सवय ज्या घराला आहे, त्या घराला हे पटायला हरकत नाही.

तिसरं कारण रक्ताचंच. १४८० ग्रॅमच्या बाळात सगळं मिळून रक्त असतं सुमारे सव्वाशे मिली, चहाच्या एका कपाएवढं. एनआयसीयूत आम्ही एकेक थेंब हिशोबाने घेतो. साखर बघायची असली की सिस्टर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस टाचेला लावून ठेवतात, टाच गुलाबी झाली की कडेला हलकंच टोचतात, पहिला थेंब पुसतात, दुसरा पट्टीवर घेतात. बाळ पाय ओढून घेतं. तो तळवा माझ्या अंगठ्यापेक्षा थोडाच मोठा असतो. तो एक थेंब घ्यायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही, कारण साखर कमी निघाली तर पुढच्या पाच मिनिटांत काहीतरी करायचं असतं.

आणि लॅबवाला जे 'स्टेरॉइड लेव्हल' म्हणतो, ते बहुतेक तुम्हाला वाटतं ते नसणार. लॅबच्या यादीत त्या नावाखाली सहसा कॉर्टिसोल असतं. कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड आहे, मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथीत तयार होणारं. ते आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतंच. मोठ्या माणसात ते सकाळी जास्त आणि रात्री कमी. लहान बाळात हे दिवसरात्रीचं चक्र पहिल्या काही महिन्यांत हळूहळू बसतं. म्हणजे एका दुपारी काढलेल्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. पण रिपोर्टात 'स्टेरॉइड' आणि पुढे एक आकडा आला की घरात काय होईल ते तुम्ही ओळखलंच असेल. दीर पुन्हा मोबाइल उघडतील. ज्यांना वाद मिटवायचा आहे त्यांच्याच हातात नवा वाद येईल.

बाळाचं कॉर्टिसोल तपासावं लागतं अशा वेळा आहेत, त्याही सांगते. आईने दम्यासाठी किंवा सांध्यांच्या आजारासाठी गरोदरपणात महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, किंवा बाळाची साखर पुन्हा पुन्हा खाली जात असेल, रक्तदाब टिकत नसेल, बाळ मलूल असेल, तर डॉक्टर ते बघतात. अशा इंजेक्शनांनी बाळाची ग्रंथी थोडी दबते, पण साधारण आठवडाभरात पुन्हा कामाला लागते. तुमच्या मुलीने दुधावर वजन दुपटीच्या वर नेलं आहे. अशा बाळाच्या मागे तो तपास लावायचं कारण मला दिसत नाही. एवढं मात्र डॉक्टरांना विचारा : जन्मानंतर टाचेचं रक्त कागदावर घेऊन नवजात तपासणी केली होती का? केली असेल तर १७-ओएचपी नावाचा त्यातला एक आकडा या इंजेक्शनांमुळे तात्पुरता खाली दिसू शकतो. तो पुन्हा बघायची गरज आहे का, हे डॉक्टर सांगतील.

आता त्या सहीकडे येते. पत्रातलं तेच वाक्य मला जास्त लागलं.

१९६९ साली न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. प्रसूती कशाने सुरू होते हे त्यांना शोधायचं होतं, म्हणून ते गाभण मेंढ्यांच्या पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड देत होते. कोकरं वेळेच्या खूप आधी जन्मत. त्या वयाची कोकरं जगतच नसत, फुप्फुसं उघडतच नसत. पण यातल्या एकाचं फुप्फुस थोडंफार उघडलेलं दिसलं. तिथून हे सगळं सुरू झालं. १९७२ साली त्यांनी बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्यासोबत २८२ आयांवरचा अभ्यास छापला. इंजेक्शन न मिळालेल्या बाळांत शंभरातल्या जवळजवळ २६ जणांना फुप्फुसं न उघडल्यामुळे श्वासाचा त्रास झाला. मिळालेल्यांत तो आकडा ९ होता.

पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात बारीक बारीक पिशव्या असतात. त्या आतून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून साबणाच्या फेसासारखा एक पदार्थ लागतो, सर्फॅक्टंट. पूर्ण दिवसांत तो आपोआप तयार होतो. दिवस भरायच्या आधी कळा आल्या तर तो करणाऱ्या पेशींना घाई करायला सांगावं लागतं आणि तो निरोप घेऊन जातं हे इंजेक्शन. ते खास याच कामासाठी निवडलेलं आहे. दम्याला देतात ती प्रेडनिसोलोनची गोळी या कामाची नाही, कारण वारेतलं एक एन्झाइम तिला वाटेतच निकामी करतं. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन त्यातून सुटून बाळापर्यंत पोचतात.

आपल्यासारख्या देशांत याचा उपयोग होतो का, अशी शंका बरीच वर्षं होती. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांत तपासून पाहिलं. २०२० साली निकाल आला. औषध न मिळालेल्या शंभर बाळांमागे २३.५ मृत्यू झाले, मिळालेल्यांत १९.६. शंभरामागे जवळपास चार बाळं. तुम्हाला हे तेच औषध, त्याच मात्रेत मिळालं. २०१४ पासून केंद्र सरकारची सूचनाच आहे की २४ ते ३४ आठवड्यांत कळा आल्या तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा द्यावं आणि पहिलं इंजेक्शन नर्सताईंनी नाशिककडे पाठवायच्या आधीच टोचावं. ती बाई तुमच्यासाठी रात्री दहाला जागी होती, याची आठवण घरात कुणीतरी काढायला हवी. चौथं राहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या इंजेक्शनपासून बाळ होईपर्यंत तीस तासांवर वेळ मिळाला. औषधाचा जोर साधारण चोवीस तासांनंतर चांगला धरतो, म्हणजे तुमची मुलगी वेळेत पोचली.

ती सही तुम्ही कळा सोसताना केलीत. मी तिथे असते तर तुमच्या हातात पेन मीच दिलं असतं.

सासऱ्यांचं दुःख मोठं आहे. त्यांच्यासमोर 'हे वेगळं स्टेरॉइड आहे' असं मात्र म्हणू नका, कारण ते खरं नाही. बहुधा तेच औषध होतं. कोरोनात डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत द्यायचं ठरलं होतं. म्हणजे ६० मिलिग्रॅम. तुम्हाला तीन इंजेक्शनांत १८ मिळालं, दीड दिवसाच्या आत. काळी बुरशी वाढली ती बऱ्याचदा ताब्यात नसलेल्या साखरेवर, त्यात कुणाकुणाला स्टेरॉइड जास्त दिवस, जास्त मात्रेत मिळालेलं होतं. औषध तेच, पण किती आणि किती दिवस यावर सगळं अवलंबून. हे त्यांना शेतकऱ्याच्या भाषेत सांगा, मात्रा आणि वेळ म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुमच्या साखरेचं कारणही हेच इंजेक्शन असू शकतं. पहिल्या डोसनंतर साधारण बारा तासांनी आईची साखर चढायला लागते आणि चार-पाच दिवस तशी राहू शकते. पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसतात. तरी आता एकदा तपासून घ्या. गरोदरपणात साखर निघाली होती का, तेही डॉक्टरांना सांगा.

मी तुमच्यापासून काही लपवणार नाही, म्हणून दुसरी बाजूही ऐका. हे औषध साधं पाणी नाही. २००८ साली २० देशांत मिळून झालेल्या अभ्यासात आयांना दर चौदा दिवसांनी पुन्हा पुन्हा कोर्स दिले, तेव्हा बाळांचं वजन कमी भरलं. अमेरिकेत २०१६ साली ३४ ते ३६ आठवड्यांच्या आयांना दिलं, तर बाळांच्या श्वासाचा त्रास थोडा कमी झाला, पण साखर खाली जाणारी बाळं शंभरात १५ ऐवजी २४ झाली. फिनलंडमध्ये २०२० साली पावणेसात लाखांच्या आसपास मुलांच्या नोंदी पाहिल्या. इंजेक्शन मिळूनही ज्यांचे दिवस पूर्ण भरले, त्या मुलांत पुढे वागणुकीच्या आणि मनाच्या तक्रारी थोड्या जास्त आढळल्या. औषधामुळेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण म्हणूनच आम्ही 'असू दे खबरदारी म्हणून' असं सरसकट कुणाला देत नाही. तुमची मुलगी त्या गटातली नाही. ती खरोखरच ३२ आठवड्यांची जन्मली, तिला त्याची गरज होती.

ऑकलंडमधली ती १९७० च्या आसपासची बाळं आता पन्नाशी ओलांडून गेली. तिशीत त्यांना बोलावून तपासलं, रक्तदाब आणि चरबी इतरांसारखीच निघाली. साखरेचं पाणी प्यायल्यावर इन्सुलिन किंचित जास्त होतं, एवढंच. पन्नाशीत पुन्हा हृदयविकार मोजले, त्यातही फरक नव्हता. इतकी वर्षं पाठपुरावा झालेली औषधं फार थोडी.

आता तुम्ही विचाराल, मग हे रक्तातलं औषध मोजतं कोण आणि कशासाठी? संशोधक मोजतात आणि मला ते काम फार महत्त्वाचं वाटतं. १९७२ साली जी मात्रा वापरली, तीच जवळजवळ तशीच आजही चालते. ती किमान किती हवी हे कधी नीट शोधलंच नव्हतं. मेंढ्यांवर मोजून पाहिलं तेव्हा दिसलं की कोकराच्या रक्तात एकदम उंच चढण्याची गरज नाही, थोडीशी पातळी पण बराच वेळ टिकायला हवी. मग निम्म्या मात्रेत भागेल का? फ्रान्समध्ये ३,२०० वर आयांवर बीटामेथासोनची निम्मी मात्रा देऊन पाहिली. २०२२ साली निकाल आला : निम्मी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली आहे असं ठरवता आलं नाही, निम्मी मिळालेल्या बाळांना नंतर सर्फॅक्टंट थोडं जास्त लागलं. असे प्रश्न सोडवायला नाळेच्या रक्तातले आकडे लागतात. उद्या एखाद्या संस्थेने रीतसर परवानगी घेऊन, नाळ कापल्यावर तिच्यातलंच उरलेलं रक्त मागितलं, तर पुढच्या बाळंतपणात जरूर द्या. त्यात बाळाला टोचावं लागत नाही.

पण तुमच्यासारख्या आईसाठी, एनआयसीयूतल्या माझ्यासारखीसाठी, सगळ्यात उपयोगाचं मोजमाप वेगळंच आहे. इंजेक्शन किती वाजता दिलं.

मी शिकत होते तेव्हा सुरगाण्याकडून एक आई जीपने आली. चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'इंजे. डेक्सा दिले'. बस. वेळ नाही. पुढचा डोस कधी द्यायचा, बाळ चोवीस तासांच्या आत होणार की नंतर, हे ठरवायला आमच्याकडे काही नव्हतं. नवऱ्याला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, गुरं घरी आली तेव्हा. किती वाजता येतात? दिवेलागणीच्या आधी. त्यावर आम्ही सहा धरले आणि पहाटे सहाला दुसरा डोस दिला. एका बाळाच्या फुप्फुसांचा हिशोब आम्ही गुरांच्या वेळेवर केला. तेव्हापासून मी चिठ्ठी हातात घेतली की आधी वेळ शोधते. तुमच्या पत्रात तीनही इंजेक्शनांच्या वेळा आहेत, हे वाचून मला किती बरं वाटलं ते कसं सांगू.

आता जे खरंच तपासून घ्यायला हवं ते सांगते. मुलीचे डोळे तपासले का? ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने बघायचा असतो आणि ते सांगतील तितक्या वेळा पुन्हा. डिस्चार्ज कार्डावर आरओपी, म्हणजे अशा बाळांना होणारा पडद्याचा आजार, याची तपासणी लिहिली आहे का ते शोधा. नसेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि उद्याच निघा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचार केंद्राची, चौकशी करा. कानाची तपासणीही तिथेच विचारा. ज्या घराने एक डोळा गमावलाय, त्या घराला याचं महत्त्व मी काय सांगावं.

दीड महिन्याची लस राहिली असेल तर तीच आता द्यायची, पुढची चार आठवड्यांनी. कमी दिवसांच्या बाळाला लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची असते, या इंजेक्शनांमुळे ती पुढे ढकलत नाहीत. आशाताईंना घरी बोलवा, सासूबाईंसमोर बोलू द्या. वाढीचं मात्र उलटं आहे. तिथे आठ आठवडे वजा करायचे. शेजारचं अडीच महिन्यांचं बाळ हसतं आणि आपलं हसत नाही म्हणून जीव टांगू नका, तुमची मुलगी त्या हिशोबाने अजून महिन्याचीही नाही. ती दूध ओढेनाशी झाली, अंग गार पडलं, किंवा मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास घ्यायला लागली, तर मात्र वाट बघायची नाही.

मिस्टरांना एक काम द्या. त्यांच्याकडे रेसिड्यूच्या रिपोर्टांची फाइल असेलच, तशीच एक मुलीच्या नावाची करायला सांगा. डिस्चार्ज कार्ड, रेफरची चिठ्ठी, लसीचं कार्ड त्यात लावायचं. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावं : जन्म ३२ आठवडे, १४८० ग्रॅम. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, तीन वेळा. तारीख टाकून खाली वेळा : रात्री १०, सकाळी १०, रात्री १०. प्रसूती पहाटे ४.३०. दुसऱ्या खेपेला दिवस गेले की पहिल्याच तपासणीला हे पान डॉक्टरांपुढे ठेवा.